जुळ्यांचं गाव आणि भेंडीच्या पाल्याचा रस्सा

सध्या घरच्या आणि महिला मंडळाच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे: नायजेरियातल्या इग्बो-ओरा गावात घरोघरी हुबेहूब दिसणारी जुळी जन्मतात, कारण तिथल्या बायका रताळी आणि भेंडीच्या पाल्याचा रस्सा खातात, ते लोक मेलेल्या मुलांच्या बाहुल्यांवर जादूटोणा करतात, मूल हवं असलेल्या प्रत्येकीला पाठवा. या शेवटच्या ओळीमुळे मला राहवलं नाही.

गाव खरं आहे. लागोसच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, ओयो राज्यात, योरुबा या तिथल्या समाजाचं. तिथे जुळी जास्त होतात हेही खरं. १९७०च्या दशकात पॅट्रिक निलँडर या डॉक्टरांनी नैऋत्य नायजेरियात पाहणी केली, तेव्हा हजार जन्मांमागे ४५ ते ५० जुळी आढळली. युरोपात तेव्हा हे प्रमाण १२च्या आसपास होतं. फरक मोठाच आहे, पण हिशेब केला तर २० बाळंतपणांत एक जुळं आणि बाकीची १९ एकेकटी. मोठ्या खटल्याच्या घरात एखादी जोडी सापडणारच. म्हणून घरोघरी पाळण्यात जुळी असतात असं नाही.

‘हुबेहूब’ हे तर साफ चूक. एकाच बीजांडापासून होणारी एकसारखी जुळी जगात सगळीकडे हजारी तीन-चारच असतात. योरुबांमध्ये जास्त होतात ती दोन बीजांडांची, म्हणजे एका वेळी जन्मलेली साधी भावंडं. ही प्रवृत्ती आईच्या रक्तातून येते, आणि आईचं वय व आधीची बाळंतपणं वाढली की शक्यताही वाढते.

आता रस्सा. मुळात मजकुरातलं ते रताळं नव्हेच. तो याम, म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला कंद. त्याच्या चकत्या वाळवून पीठ करतात, उकळत्या पाण्यात घालून आपल्या उकडीसारखं घोटत राहतात. तपकिरी, मऊ गोळा होतो. तो आमाला. सोबत भेंडीच्या कोवळ्या पाल्याचा बुळबुळीत रस्सा, इलासा. गावकरीही जुळ्यांचं श्रेय त्याला देतात आणि त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण तो खाल्ल्याने जुळी होतात हे कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही. मुलासाठी वर्षानुवर्षं झुरणाऱ्या बाईच्या हाती ही पाककृती ठेवणं मला क्रूर वाटतं. शिवाय जुळ्यांचं गरोदरपण जोखमीचं असतं: दिवस पुरे होण्याआधीच प्रसूती, कमी वजनाची बाळं, आईचा रक्तदाब.

या जोखमीशीच त्या ‘बाहुल्यां’चा संबंध आहे. योरुबा घरात जुळ्यांतला आधी येतो तो ताइवो, जगाची चव घ्यायला पुढे आलेला. मागून येणारा केहिंदे थोरला मानतात, कारण ‘जा, जग कसं आहे बघून ये’ म्हणून त्यानेच धाकट्याला पाठवलं. त्यांच्या पाठचं मूल इदोवु. दोघांचा आत्मा एकच, अशी समजूत. मग एक दगावला तर दुसऱ्याचं काय? जुळी फार दगावायची. अशा वेळी पुजाऱ्याच्या सांगण्यावरून सुतार लाकडाची वीतभर मूर्ती कोरायचा: एरे इबेजी. चेहरा बाळाचा नाही, मोठ्या माणसाचा. आई तिला न्हाऊ घालायची, अंगाला लाल लाकडाची पूड चोळायची, केसांना नीळ लावायची, मणी घालायची, जिवंत मुलाला भरवताना तिलाही घास लावायची. आज तिथे बहुतेक लोक ख्रिस्ती किंवा मुसलमान आहेत आणि ही प्रथा बरीच मागे पडली आहे. काही घरांत मूर्तीची जागा फोटोने घेतली.

यात कुणाचं वाईट चिंतण्याचा मागमूस नाही. संग्रहालयांतल्या कित्येक इबेजींची नाकं-डोळे झिजून गुळगुळीत झाले आहेत, कारण वर्षानुवर्षं कुणीतरी त्यांचं तोंड धुतलं होतं.