फुलगळ आणि केळीच्या सालीचं पाणी : एक खुलासा

सध्या आपल्या जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘टोमॅटो-मिरचीची फुलं गळतात ती पोटॅश कमी पडल्यामुळे. केळीच्या साली तीन दिवस भिजवून ते पाणी रोज घाला.’

सालीत पोटॅश असतं, हे खरं. पण एप्रिल-मे महिन्यातली फुलगळ बहुतेक वेळा उन्हामुळे होते. दिवसा पारा 35 अंशांपुढे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरतच नाही. आपल्याकडे तर पारा 44 गाठतो! माझ्या गच्चीवर फुलाच्या देठावरची ती बारीक गाठ आधी पिवळी पडते, मग नुसतं बोट लागलं तरी फूल हातात येतं. हे पाणी रोज ओतून कुंडी सतत ओली राहिली तर मुळं सडतात, चिलटं होतात ती वेगळीच.

साली फेकू नका, बारीक चिरून कंपोस्टात घाला. कुंड्यांवर हिरवी नेट बांधा, पाणी भल्या पहाटे द्या, मातीवर पालापाचोळा पसरा. झाड जगवा, गारवा आला की तेच पुन्हा फळ धरेल. तोवर भेंडी-गवार लावा, त्यांना हे ऊन सोसतं.