पूरग्रस्तांच्या पाण्याचा हिशेब रुपयांत नको, लिटरमध्ये मागा

पूर आला की आधी निघतात बाटलीबंद पाण्याचे ट्रक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरकडे निघालेल्या गाड्या दिवसेंदिवस रस्त्यावर उभ्या राहिल्या. तरी बाटल्यांचा सोस काही सुटत नाही.

जरा गणित करा. स्फिअरच्या, म्हणजे आपत्तीतल्या मदतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरतात. छावणीत हजार माणसं असली तर १५,००० लिटर, म्हणजे लिटरच्या बारा-बारा बाटल्यांचे १,२५० खोके. रोज! तेच पाणी १०,००० लिटरच्या टँकरच्या दोन फेऱ्यांत येतं आणि त्याला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते फक्त ७५ ग्रॅम. हजार लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण ताज्या, ३३ टक्के क्लोरिनच्या पावडरीचं. दमट खोलीत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातला क्लोरिन कधीच उडालेला असतो, म्हणून पाण्यात क्लोरिन किती उरला ते रंगावरून दाखवणारं ओटी टेस्टचं किट सोबत घ्याच. पावडर टाकून अर्धा तास झाल्यावर नळाला ०.२ ते ०.५ पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) क्लोरिन मिळायला हवा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, नाहीतर क्लोरिन गाळातच खर्ची पडतो.

मोठा खर्च येतो पूर ओसरल्यावर. जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरीवरच्या मोटारीत गाळ बसलेला असतो. घाईने स्विच टाकला की वाइंडिंग जळालंच. मोटार उघडून, धुऊन, सुकवून, इन्सुलेशन तपासायचा मेगर लावून मगच चालू करायची. विहिरी उपसायच्या, सेप्टिक टँक रिकामे करायचे. तोवर कॅमेरे परत गेलेले असतात आणि मैला उपसायच्या गाडीसाठी देणगी मागायला कुणाची जीभ रेटत नाही.

आता पैशाचा माग. मदतीच्या पैशाची एफटीएस ही संयुक्त राष्ट्रांची नोंदव्यवस्था १९९२ पासून नुसते जाहीर केलेले, लेखी कबूल केलेले आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे वेगवेगळे दाखवते. आपल्याकडे तिन्ही एकाच बेरजेत! त्यात पैसे देणारी संस्था आणि टँकर लावणारी संस्था, दोघीही तीच फेरी आपापल्या अहवालात धरतात. वहीत ‘मूळ पैसे कुणाचे’ असा एक रकाना पाडला तरी ही दुबार मोजणी सापडते. परदेशी देणगी तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला दुसरीकडे वळवताच येत नाही, तेव्हा ती गावातल्या मंडळाच्या नावावर दिसली तर लगेच चौकशी करा.

आणि टँकरचे पैसे फेरीवर देऊ नका, अर्धा टँकर येतो. टाकीत काठी बुडवून पाणी ओतण्याआधीची आणि नंतरची खूण घ्या. २ मीटर बाय अडीच मीटरच्या टाकीत पातळी १ मीटर चढली तर ५,००० लिटर उतरलं. पावतीवर १०,००० असेल तर बाकीचं कुठे गेलं ते ड्रायव्हरला तिथेच विचारा, टँकर हलायच्या आत.