सोळा सोमवार आणि नडगीचं हाड

परवा एका ज्युनिअर पोरीचा मेसेज आला. "ताई, नडगी लई दुखतीय. पण सोळा सोमवार धरलेत, महादेव बघून घेईल." उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी सरळ फोन लावला. फोनवर जे धड बोलता आलं नाही ते इथं लिहितेय.

मी तीच होते. माण तालुक्यातली, शिखर शिंगणापूरच्या पायथ्याकडची. कॉलेजला साताऱ्यात आले तेव्हा डोळ्यापुढं ललिता बाबर. मोहीची, आमच्याच तालुक्यातली. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) फायनल पळाली, दहावी आली. तेव्हापासून आमच्याकडं पळणाऱ्या पोरीला "कशाला पळतेस" असं कुणी विचारत नाही. (विचारतात, पण जरा हळू आवाजात.)

दुसऱ्या वर्षी पाच हजार मीटरला माझी निवड थोडक्यात हुकली. मग नवस बोलले, की टीममध्ये आले तर शिंगणापूरच्या पायऱ्या अनवाणी चढेन, आणि तोवर सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा. पळणाऱ्यानं मारुतीला वगळून कसं चालेल!

आता जरा आठवडा बघा. शनिवारी दिवसभर भगर, नाहीतर मूठभर शेंगदाणे. रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट चढून १८ किलोमीटर. सोमवारी परत उपास. म्हणजे सगळ्यात लांब पळण्याच्या आदल्या दिवशी पोट रिकामं आणि दुसऱ्या दिवशीही रिकामंच. बाकीचे दिवस धरून आठवड्याला ७० च्या आसपास पळणं व्हायचं.

चार महिने पाळी आली नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं. स्पर्धेच्या दिवशीची कटकट गेली.

मग नडगी सुरू झाली. आधी पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, मग जिना उतरताना. बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा. सर म्हणाले, सहन करायला शिक. शिकले. एक्स-रे काढला, त्यात काही नाही. मला वाटलं देवानं कौल दिला. (असलं फ्रॅक्चर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे नंतर कळलं.) आणखी तीन आठवडे पळले. एमआरआयमध्ये हाडावर रेघ आली.

डॉक्टर बाईंनी पायाला हात लावायच्या आधी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" मी आईकडं बघितलं. आई माझ्याकडं.

त्यांनी सांगितलं ते असं: पळण्याला लागतं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर काटकसर करतं. पाळी थांबते, इस्ट्रोजेन उतरतं आणि हाड ठिसूळ होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या प्रकाराला रेड-एस (खेळाडूच्या शरीरात पडणारी ऊर्जेची तूट) असं नावसुद्धा दिलंय. साताऱ्याच्या ट्रॅकवर मी ते नाव एकदाही ऐकलं नव्हतं.

उपास म्हणजे अंधश्रद्धा असं मी म्हणत नाहीये, तसल्या कमेंट करायला येऊ नका. मी म्हणतेय ते माझ्याबद्दल. माझ्या उपासामागं वजन लपलेलं होतं. "हलकी पोरगी पळते" हे रोज कानावर पडायचं. नुसतं जेवण सोडलं असतं तर मेसच्या काकू ओरडल्या असत्या. उपास म्हटलं की कुणी ओरडत नाही, उलट कौतुक होतं. महादेवाला मी पुढं केलं होतं.

हे ओळखलं फक्त आजीनं. वीस-बावीस वाऱ्या केलेली बाई, लोणंदपासून माउलींच्या पालखीत चालायची. पाय प्लॅस्टरच्या बुटात बघून म्हणाली, "माझा गुडघा धरला त्या वर्षी म्या गेले न्हाय. इठोबा रुसला का? पुढल्या वर्षी गेलेच की." आणि मग, "तुझा सोमवार म्या धरते. तू भाकरी खा."

आठ आठवडे पळणं बंद. तेव्हा सगळे अविनाश साबळेचं उदाहरण द्यायचे. २०१८ ला घोट्याच्या दुखापतीमुळं एशियन गेम्स हुकले आणि त्याच सप्टेंबरात भुवनेश्वरला त्यानं स्टीपलचेसचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, ८:२९.८०. खरंच आहे. पण आपण विक्रमाचाच फोटो शेअर करतो. मधल्या महिन्यांत पलंगावर पडून छताकडं बघणाऱ्या माणसाला जिद्दी कोण म्हणतं? मला तर आळशी म्हणाले. माझ्या आख्ख्या कॉलेजात सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट म्हणजे ते आठ आठवडे न पळणं. दुखत्या पायानं पळणं त्यापुढं सोपं होतं.

पाळी पाच महिन्यांनी परत आली. तिसऱ्या वर्षी निवड चाचणीत सहावी आले. टीममध्ये नाही. नवस काही फळला नाही, पण शिंगणापूरला गेले. पायऱ्या चपला घालून चढले, वर देवळाशी काढल्या. हात जोडले, काहीच मागितलं नाही. आजी शेजारी होती, तिनं मात्र बराच वेळ काहीतरी मागितलं.

तर, त्या पोरीचा फोन. एमआरआय करायला तयार झाली, घरी बोलते म्हणाली. जेवणावर अडली. "ताई, मधेच सोडलं तर पाप लागंल."

म्हटलं, "किती राहिलेत?"

"अकरा."

"मी धरते."

आता मी आठवड्याला जेमतेम २० किलोमीटर पळते, मला झेपेल. आज पहिला सोमवार. दुपारचे चार वाजलेत, ऑफिसात कुणीतरी वडापाव आणलेत आणि मला प्रचंड भूक लागलीय.