परतीचा तक्ता

स्वित्झर्लंडच्या सहलीला जायचा तक्ता बायको करते. कितीची रेल्वे, कुठला फलाट, कोणत्या दिवशी थेपल्यांचं कोणतं पाकीट. परतीच्या दिवसापुढं मात्र एकच शब्द असतो, 'घरी'. सगळं रामायण तिथं सुरू होतं.

मुंबईच्या विमानतळावर पट्ट्यावरून येणारी प्रत्येक बॅग काळी असते आणि ओळखीची म्हणून प्रत्येकीला लाल रिबीनच बांधलेली असते. मी आता जुन्या परकराची नाडी बांधतो. अजून कुणी चुकून उचललेली नाही.

पहाटे पुण्यात दारापाशी. किल्ली ज्या पर्समध्ये, ती पर्स ज्या बॅगेत, ती बॅग सगळ्यांत खाली. दार उघडलं की भपकारा येतो. मी म्हणतो, उंदीर मेलाय. ती म्हणते, "निघताना कचरा टाकला नाहीत ना?" दोघंही चूक. न्हाणीघरातल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी साठून असतं, तेच गटाराचा वास अडवतं. पंधरा दिवस नळ बंद आणि वर मे महिना, म्हणजे पाणी उडून जातं आणि झुरळांना राजमार्ग मोकळा. म्हणून आधी प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतायचं, बेसिनमध्येही. निघताना त्या पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडलं तर ते सावकाश उडतं. हे मला दरवेळी परत आल्यावर आठवतं.

मग फ्रीज. जाताना वाटीभर पाणी गोठवून वर नाणं ठेवायचं. स्विस फ्रँकची नाणी इथं कुणी बदलून घेत नाही, त्यांना एवढंच काम उरतं. नाणं तळाशी गेलेलं दिसलं की वीज बराच वेळ गेली होती असं समजावं आणि आतलं सगळं टाकावं. आमरसाच्या डब्याशी मात्र बायको थबकते. "अहो, जरा हुंगून बघा ना."

पंधरा दिवस चीज-पाव खाल्लेल्या पोटाला मुगाची खिचडी हवी असते. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी. शिट्टी होत नाही, वाफ कडेनं फुसफुसते, कारण कुकरची रिंग वाळून कडक झालेली. ती कोमट पाण्यात टाकून आम्ही भुकेले बसून राहतो.

रात्री दोनला दोघंही टक्क जागे. स्वित्झर्लंडात साडेदहाच वाजलेले असतात. तेव्हा ती वही काढते आणि चॉकलेटं कुणाकुणाला द्यायची याचा तक्ता करते. पाकिटं दहा असतात. माझ्या बहिणीचं नाव अकरावं.