‘खुदकन’ म्हणजे स्मित नव्हे

हसण्यासाठीच्या मराठी शब्दांवरील तुमच्या लेखात ‘खुदकन हसणे’ आणि ‘स्मित करणे’ हे एकाच अर्थाचे प्रयोग मानले आहेत, ते मला पटत नाही. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे 6 प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी स्मितात गाल किंचित फुलतात पण दात दिसत नाहीत, हसितात ते जरासे दिसतात, आणि मधुर आवाजाचा उल्लेख विहसितापासून येतो. ‘खुदकन’ हा तर ध्वनीवरूनच घडलेला शब्द आहे, त्यामुळे तो स्मितापेक्षा विहसिताच्या अधिक जवळचा ठरतो. शिवाय ‘पटकन’, ‘खाडकन’ यांतल्याप्रमाणे त्यातला ‘कन’ क्रिया एकदाच आणि अचानक घडल्याचे दाखवतो. तेच हसू थांबून थांबून येत राहिले की आपण ‘खुदुखुदू’ म्हणतो. हा शब्द लहान मुलांना किंवा तरुण मुलींना जितका सहज शोभतो तितका एखाद्या न्यायमूर्तींना शोभत नाही; त्यांच्यासाठी स्मितच हवे. ‘खुसुखुसू’चा उल्लेख लेखात ओझरता आहे, परंतु त्यात लपवाछपवीची छटा असते आणि बहुधा कोणीतरी तिसरा त्या हसण्याचा विषय असतो. मुंबईच्या लोकलमध्ये मोबाइलकडे पाहत स्वतःशीच हसणाऱ्या प्रवाशाला मात्र यांपैकी एकही शब्द नीट लागू पडत नाही. तो आवाज न करता ‘गालातल्या गालात’ हसत असतो, आणि हा वाक्प्रचार लेखात मुळीच नसावा याचे आश्चर्य वाटते.