फ्लोराचं कारंजं बागेसाठी होतं

फ्लोरा फाउंटन म्हणजे टॅक्सीवाल्याला सांगायची खूण, एवढीच आपली त्या कारंज्याशी ओळख असते याचं मला खरंच वाईट वाटतं. मुळात ते चौकासाठी घडवलेलंच नाही. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या शेती-बागायतीच्या संस्थेला ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचं होतं. एकूण खर्च ४७,००० रुपये, त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले. पण १८६४ सालचं हे कारंजं शेवटी आलं मुंबईच्या किल्ल्याच्या चर्चगेट नावाच्या पाडलेल्या दरवाजाच्या जागी.

आराखडा ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन शॉचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथचं. याच फोर्सिथने इंग्लंडात विटली कोर्ट या हवेलीच्या बागेत ग्रीक पुराणकथेतल्या पर्सियस आणि अँड्रोमेडाचं अवाढव्य कारंजं केलंय. पंखवाल्या घोड्यावर स्वार पर्सियस, साखळदंडात अँड्रोमेडा आणि खाली समुद्री राक्षस. त्या राक्षसाच्या तोंडातून १२० फूट उंच पाणी उडायचं, त्यासाठी वाफेचं इंजिन लावलेलं होतं. पाणी बंद केलं की तो राक्षस नुसता तोंड वासून बसतो, गोष्टच थांबते. त्या बागेतही फोर्सिथची एक फ्लोरा आहे!

म्हणून माझा आग्रह आहे की पाणी हा या शिल्पाचाच भाग धरायला हवा. फुलांची रोमन देवी फ्लोरा माथ्यावर उभी करायची आणि तिच्या पायाशी कोरडं कुंड ठेवायचं, याला काय अर्थ? आपण तर इंग्लंडातल्या पोर्टलंडच्या दगडावर वर्षानुवर्षं ऑइलपेंटही फासला. वारसा वास्तूंचं जतन करणारे वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली डागडुजी झाली आणि २०१९ मध्ये पाणी पुन्हा खेळू लागलं. रविवारी सकाळी गर्दी नसताना जाऊन बघा. ओला झालेला दगड गडद होतो आणि लांबून सपाट वाटणारं नक्षीकाम उठून दिसतं.

‘हुतात्मा स्मारक असताना ही परकी देवी कशाला?’ असंही ऐकलंय. मला ते पटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला, माणसं पडली. चौकाला हुतात्म्यांचंच नाव हवं, यात वादच नाही. पण मशाल धरलेले ते शेतकरी-कामगार तरी काय आहेत? एका अख्ख्या लढ्याला दिलेलं माणसाचं रूप. फ्लोरा तेच करते, बहराला बाईचं रूप देते. दोन्ही शिल्पं शेजारी शेजारी बघता येतात, हे मुंबईकरांचं भाग्य आहे.

महापालिकेकडे मागणं एवढंच: पाणी रोज चालू ठेवा, आणि कोणती आकृती कशाचं प्रतीक आहे हे सांगणारी ठसठशीत मराठी पाटी पादचाऱ्यांना वाचता येईल अशी लावा.