चाळीस काय?

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मध्यंतरी काकांनी ठणकावून लिहिलं, "आपण १९५८ पासून मेट्रिक झालो, आणि हे इंग्रज अजून मैलच मोजतायत!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर गावच्या जमिनीचा विषय निघाला, सगळा गुंठ्यांत. वाळू ब्रासने, सोनं तोळ्याने.

मी राहतो बेलफास्टला, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमध्ये. इथून डब्लिनला, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडच्या राजधानीला निघालं की न्यूरी शहराच्या पुढे सीमा लागते. नाका नाही, शिपाई नाही. फक्त पाट्या बदलतात. बाबा आले होते तेव्हा डंडॉकजवळ १२० ची पाटी दिसली आणि माझा काटा ७० वर. "अरे, मागचे शिव्या देतील!" माझ्या गाडीचे मोठे आकडे मैलांचे, हे त्यांना कोण सांगणार!

आयर्लंडमध्येही पूर्वी गोंधळच होता. अंतरं किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलांत. २० जानेवारी २००५ ला त्यांनी वेगाच्या पाट्या बदलल्या. मला आवडतं ते असं की त्यांनी नुसता गुणाकार केला नाही. ३० मैलांचे सरळ ५० किलोमीटर केले. लहान रस्त्यांवर पूर्वी ६० मैल चालायचे, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर. तिथे ८० करून टाकले. बदलाच्या निमित्ताने वेगही उतरवला. आणि आकड्याखाली एककही छापलं.

ब्रिटनने १९७३ मध्ये पाट्या बदलायचं ठरवलं होतं. १९७० च्या डिसेंबरात बेत पुढे ढकलला, तो अजून पुढेच आहे. पेट्रोल मात्र लिटरने भरतात आणि गाडीचं ॲव्हरेज मैल-गॅलनमध्ये सांगतात. पाट्या बदलायला खर्च फार येईल हे कारण सांगतात, ते मला पटत नाही. शेजारच्या लहानशा देशाला जमलं ते यांना का जमू नये?

काकांच्या गुंठ्यांवर माझा राग नाही. व्यवहारात समोरासमोर दोघं बसलेले असतात, दोघांनाही गुंठा कळतो, न कळला तर विचारता येतं. रस्त्यावरची पाटी मात्र पहिल्यांदाच आलेल्या माणसाशी बोलते, आणि त्याला विचारायला वेळ नसतो.

परतताना न्यूरीत शिरलो. पाटीवर नुसतं ४०. खाली काहीच नाही.

बाबा म्हणाले, "चाळीस काय? गुंठे?"